कोणत्या दिवसाचा गुडघा

भिंगकाकांच्या खोलीत मुलं यायची ती चेहऱ्याशिवाय यायची. कुणाचा नुसता गुडघा, कुणाच्या कोपराची मागची बाजू, कुणाची हनुवटी, तीही खालच्या ओठापाशी कापलेली. रडणं नाही, हातपाय झाडणं नाही, 'घरी चल' नाही. साठ-साठ फोटोंच्या गठ्ठ्यात गुपचूप बसून यायची आणि टेबलावरच्या काळ्या कापडावर एकेक करून उताणी पडायची.

खोली हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला होती. पूर्वी तिथं धुतलेल्या चादरी ठेवत, त्यामुळे भिंतींना अजून साबणाचा आणि उन्हाचा वास होता. एकच खिडकी, आणि तिच्यावरचा करडा पडदा कधी उघडायचा नाही, कारण ऊन तासातासाला रंग बदलतं आणि त्याबरोबर फोटोतला लालपणाही बदलतो. टेबलावर पांढऱ्या उजेडाचा एकच दिवा. बाहेर सकाळ असो की दुपार, आत एकच वेळ. ती कुठली, ते काकांनाही सांगता आलं नसतं.

काम असं होतं. कुठल्याही कुंपणाला आपोआप उगवणारं एक झुडूप आहे. मुलांच्या अंगावर पिकणारे फोड आले, त्यांवर मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या, की आया त्याचा पाला वाटून लावतात. त्यांच्या आयांनी लावला म्हणून त्या लावतात. त्यानं फोड बरे होतात की ते आपले आपणच बरे होतात, हे कुणी नीट पाहिलेलंच नव्हतं. आता हॉस्पिटलनं पाहायचं ठरवलं होतं. एका ट्यूबमध्ये पाल्याचा अर्क घातलेलं मलम, दुसरीत नुसतं मलम; दोन्हींचा रंग हिरवट, वासही सारखा. कुठल्या मुलाला कुठली ट्यूब मिळाली ते मुलाला, आईला, तपासणाऱ्या डॉक्टरला, कुणालाच ठाऊक नाही. कुणाचे फोड चिघळले तर त्याला लगेच नेहमीचं औषध. पोरांच्या जिवाशी खेळ नाही. प्रत्येक मुलाचे तीन फोटो: पहिल्या दिवशी, आठव्या दिवशी, पंधराव्या दिवशी. मग सगळ्या मुलांचे सगळे फोटो पत्त्यांसारखे पिसून काकांपुढे. काकांनी भिंग लावून पाहायचं आणि शून्यापासून चारपर्यंत गुण द्यायचे. शून्य म्हणजे स्वच्छ कातडी, चार म्हणजे वाईट.

"नाव नाही, तारीख नाही," आकडेताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सगळ्या गुणांचा हिशेब त्या लावायच्या म्हणून त्या आकडेताई. "दिवस कळला ना काका, की डोळा फितूर होतो. पहिला दिवस म्हटलं की फोड मोठा दिसतो, पंधरावा म्हटलं की लहान. तुम्ही फक्त कातडी बघायची."

"चाळीस वर्षं तेच केलंय," काका पुटपुटले. आकडेताईंना ते ऐकूच गेलं नाही. काकांचं बोलणं बहुतेक वेळा समोरच्याला ऐकू जायचं नाही.

चाळीस वर्षं ते कातडीचे डॉक्टर होते. माणसांशी बोलण्यापेक्षा त्यांच्या कातडीशी बोलणं त्यांना सोपं जायचं. लिफ्टमध्ये कुणाला 'जरा सरका' म्हणायलाही लाजणारा हा माणूस, पण पोराच्या अंगावर हिरवा लेप दिसला की जीभ सुटायची. शेकडो आयांना त्यांनी झापलं होतं. त्यातली एक त्यांच्या मनातून गेली नव्हती. तिनं आपल्याच रुमालानं पोराच्या गालावरचा लेप पुसत हळूच म्हटलं होतं, "माझ्या आईनंही मला हेच लावलं होतं, डॉक्टर." आणि काका म्हणाले होते, "दिसतंय. म्हणून तर इथवर यावं लागलं." शेजारची नर्स फिसकन हसली. बाई मान खाली घालून गेली. त्या दिवशी काकांना आपण फार हजरजबाबी आहोत असं वाटलं होतं. पुढची तीस वर्षं ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं, कारण पाल्यानं खरंच काही होत नाही हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? त्यांनी ते गृहीत धरलं होतं, इतकंच.

म्हणून निवृत्तीनंतर सात वर्षांनी हॉस्पिटलातून या कामासाठी फोन आला, तेव्हा पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ते 'हो' म्हणाले. त्या बाईला आता शोधता येणार नव्हतं. पण ती बरोबर होती की आपण, एवढं तरी खरं कळेल. दुसरं काही नको होतं.

पहिले चार-पाच गठ्ठे त्यांनी डोळ्यात तेल घालून पाहिले. खपलीची कड कशी आहे, ओल आहे का, लाली किती पसरली. भिंगाखाली फोड म्हणजे नकाशेच. मधे पिवळट बेटं, भोवती लाल किनारा, मग फिकट होत गेलेली वाळू. काही ठिकाणी ओहोटी लागलेली, काही ठिकाणी भरती. ते नकाशे दुपारी घरी आल्यावरही डोळ्यांपुढून हलत नसत. जेवून पडलं की पापणीच्या आत गुडघे चालत यायचे. नुसते गुडघे, खाली पाय नाहीत, वर मूल नाही. रांगेत, शिस्तीत, मिरवणुकीला निघाल्यासारखे. कधी एखादी हनुवटी थांबून त्यांच्याकडे बघायची. डोळे नसताना ती बघते कशी, हा प्रश्न त्या वेळी पडायचा नाही. जाग आली की पडायचा.

हळूहळू त्यांना फोडाभोवतीचंही दिसू लागलं. बाहीची कड. पलंगावरच्या चादरीवरची बदकं. आईचा अंगठा, पोरानं हलू नये म्हणून पोटरीवर घट्ट दाबलेला. आणि प्रत्येक फोटोत मुलाचा स्वतःचा हात असायचा, कारण फोडाचं माप कळावं म्हणून कागदी पट्टी मुलानंच धरायची अशी पद्धत होती. मूल पट्टी धरण्यात गुंततं आणि हलत नाही. हात किती तऱ्हेचे! शाईनं माखलेले, नखं कुरतडलेले, एकाच्या मनगटावर पेनानं काढलेलं घड्याळ, सव्वातीन वाजलेले. आठवड्याभरानं दुसऱ्या गठ्ठ्यात तोच हात आला. घड्याळाच्या जागी फिकट निळा डाग. काका मनात म्हणाले, 'अस्सं. म्हणजे हा नंतरचा.' आणि त्यांना बरं वाटलं. वाटेत ओळखीचं कुणी भेटावं, आणि बोलावंही लागू नये, तसं.

तिथून ती सवय जडली. लोकरीची बाही आधीची, उघडा दंड नंतरचा. ताजं बँडेज आधी, त्याची पांढरी खूण नंतर. पिसलेले पत्ते ते मनात लावत बसायचे. आपण काही चुकीचं करतोय असं त्यांच्या मनात आलं नाही. आपण त्या पोरांची विचारपूस करतोय असंच वाटायचं.

त्यात ती मुलगी आली. मुलगी असेल असं त्यांनीच ठरवलं. उजव्या गुडघ्याच्या वाटीवर तिळाएवढा तीळ आणि त्याखाली जाड, पिवळी, ओली खपली. पट्टी धरणाऱ्या बोटांच्या नखांवर जांभळं नेलपॉलिश, तेही अर्धंमुर्धं उडालेलं. काकांनी तीन गुण दिले आणि फोटो जरा जास्तच वेळ हातात धरला. त्या दुपारी गुडघ्यांच्या मिरवणुकीत तो जांभळा गुडघा सगळ्यात मागं लंगडत येत होता. काका झोपेतच म्हणाले, "सावकाश ये. घाई नाही."

मग तीन आठवडे काही नाही. ते प्रत्येक गठ्ठ्यात तिळाची वाट बघायचे. आणि एका शुक्रवारी ती आली. तोच तीळ, तोच गुडघा, आणि नखं कशी? जांभळी, चकचकीत, एकही टवका न उडालेली! काकांनी क्षणात जुळवलं: पॉलिश ताजं, म्हणजे हा पहिला दिवस. मागं पाहिला तो नंतरचा, तोवर रंग उडाला. म्हणजे तेव्हाची जाड खपली हीसुद्धा सुधारणाच होती, सुरुवात त्याहून वाईट असणार. भिंगाखाली लाल दिसत होतं. त्यांनी चार लिहिले. आणि चार लिहिताना त्यांना आनंद झाला, कारण चारावरून तीनावर आली होती पोरगी. बरी होत होती. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी बागेच्या कुंपणापाशी उभं राहून ते झुडूप चक्क निरखून पाहिलं. क्षमा मागायची तर कुठल्या फांदीची मागायची, असा विचार मनात येऊन ते स्वतःशीच हसले.

रविवारी सकाळी त्यांची लेक बाल्कनीत बसून आपल्या मुलीची नखं रंगवत होती. ही सहा वर्षांची नात घरात 'लवंगी' म्हणून ओळखली जायची. आवाज तसाच होता. आठवडाभर तापानं फणफणली होती, आणि कालपासून पुन्हा पायऱ्यांवरून उड्या सुरू झाल्या होत्या.

"हलू नकोस गं! रंग कोपरापर्यंत जाईल."

"मला गुदगुल्या होतायत! आजोबा, बघा, केशरी!"

"छान," काका वर्तमानपत्रामागून म्हणाले. मग कागद थोडा खाली झाला. "आज काय विशेष?"

"बक्षीस," लेक म्हणाली. "औषध न थुंकता घेतलं म्हणून. गेल्या सोमवारपासून मागं लागली होती, पण मी म्हटलं आधी बरी हो. आजारी पोराची नखं कोण रंगवत बसतं, बाबा? तेव्हा आईला आपली वेणी घालायची शुद्ध नसते. पोर बरं झालं की मग हे सगळे चोचले."

वर्तमानपत्र तसंच अर्धं खाली राहिलं.

"आजोबांना पण लावायचं?" लवंगीनं विचारलं.

"आजोबा लाजतील," लेक म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "बाबा? काय झालं? चेहरा का असा उतरला?"

"काही नाही. ऊन लागलं."

"सावलीत बसलाय तुम्ही."

काका उठून आत गेले, खाटेवर टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. गुडघा आपण होऊन आला नाही, त्यांना तो बोलवावा लागला. शुक्रवारचा तो फोटो. नखं बाजूला ठेव, त्यांनी स्वतःला बजावलं. पट्टी बाजूला ठेव. आता बघ. लाल होतं, खरं. पण कसलं लाल? ओल होती का? नव्हती. कडेला खपली होती का? नव्हती. पृष्ठभाग सपाट होता, आणि थोडी चमक होती, कांद्याचा पापुद्रा सोलल्यावर खाली असते तशी. ती आजाराची लाली नव्हती. ती नव्या कातडीची लाली होती. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तिथं चुकला नसता. एक गुण, फार तर.

आणि त्यांनी दिले होते चार.

लेकीच्या बोलण्यावरून काही सिद्ध होत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. एखादी आई आजारातही नखं रंगवत असेल. तो फोटो पहिल्या दिवसाचा की पंधराव्या, हे त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं. पण तोच तर मुद्दा होता. ठाऊक नसताना त्यांनी गुण गुडघ्याला दिले नव्हते, नखांना दिले होते. त्या आईला 'दिसतंय' म्हणाले होते तेव्हाही त्यांनी पाहिलेलं काहीच नव्हतं. आणि ही एकच पोर नव्हती. ती लोकरीची बाही होती, ते सव्वातीनचं घड्याळ होतं. कुठले गुण कातडीचे आणि कुठले गोष्टीचे, हे आता त्यांचं त्यांनाही निवडता आलं नसतं. तांदूळ आणि खडे एकाच रंगाचे झाले होते. याच गुणांवरून पाल्याचा निकाल लागणार होता. येत्या शुक्रवारी सगळे आकडे बंद होणार, अहवाल जाणार. पाला खरा असून खोटा ठरला असता, किंवा खोटा असून खरा.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. हा विचार आला, बसला, आणि पाहुण्यासारखा बराच वेळ बसून राहिला. त्या दुपारी त्यांना झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी ते आपल्या खोलीत न जाता आकडेताईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. आकडेताई डब्यातलं सफरचंद खात पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होत्या.

"अगंबाई, काका! दोन महिन्यांत पहिल्यांदा या बाजूला. दिवा गेला का?"

"नाही. दिवा आहे."

"मग खुर्ची डुगडुगतेय?"

"नाही. खुर्ची बरी आहे. तुमचं... चाललंय ना सगळं?"

"माझं चाललंय. काका, ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय? बोला की."

काका बोलले. आधी जमिनीकडे बघत, मग खिडकीकडे, शेवटी सफरचंदाकडे. घड्याळ, बाही, नेलपॉलिश, चार गुण, सगळं. आवाज इतका बारीक होता की आकडेताईंना पुढं वाकावं लागलं. बोलणं संपलं तेव्हा सफरचंदाची कापलेली बाजू तांबूस झाली होती.

"किती फोटो असे?" आकडेताईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. म्हणून तर आलो. सांगता आलं असतं तर तेवढेच..." ते थांबले. "मी डॉक्टर होतो हो. मला पोर बरी झालेली हवी होती."

"मला काय नकोय?" आकडेताई एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "काका, सहाशे फोटो! शुक्रवारी बंद करायचं होतं. वर काय सांगू मी? आमच्या परीक्षकांचा नखांवर जीव जडला?"

"हो," काका म्हणाले. "असंच सांगा. खरं तेच आहे."

आकडेताईंनी कपाळाला हात लावला. मग त्या हसल्या. हसू त्यांना आवडलेलं दिसत नव्हतं, पण आलं. "तुम्ही आला नसता तर हे मला कधी कळलंच नसतं, माहितीय? तुमचे गुण इतके सुंदर लागत होते. दिवसागणिक उतरत, एका रेषेत. मी म्हणत होते, वा, काय नजर आहे."

"नजर नव्हती. गोष्ट होती."

"हं." त्यांनी कपाटातून मोठं पाकीट काढलं, काकांच्या गुणांचे सगळे कागद त्यात भरले आणि वर तारीख घातली. "फाडायचं नाही. चूक कशी झाली ते तुमच्या हातानं लिहा, तेही यात. मी वर फोन करते आणि तीन आठवडे मागते. शिव्या खाईन, पोट भरेल. फोटो मी पुन्हा पिसते. तुम्ही पहिल्यापासून पाहायचे."

काकांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मी? दुसरं कुणी..."

"दुसऱ्यानं कशावरून नखं बघितली नसती? तो मला येऊन सांगेल याची काय खात्री?" त्यांनी पाकीट चिकटवलं. "पण असं मोकळं नाही सोडणार तुम्हाला. काळा पुठ्ठा आहे का तुमच्याकडे? मधोमध खिडकी कापा. फोडाएवढी. ती फोटोवर ठेवल्याशिवाय भिंग उचलायचं नाही."

"आणि... ती मुलगी," काका दारातून म्हणाले. "बरी झाली का, एवढं..."

"काका."

"हो. बरोबर. विचारलंच नाही."

पाकिटातल्या कागदावर त्यांनी दीड पान लिहिलं. चूक लिहायला त्यांना कधी इतका कमी वेळ लागला नव्हता. मग पुठ्ठा घेतला, पट्टीनं मोजला, आणि कातरीनं मधोमध चौकोन कापला. पहिला वाकडा झाला. दुसरा बरा झाला. कडा खरखरीत राहिल्या, त्यांवर त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

दुपारपर्यंत पहिला गठ्ठा आला. आकडेताईंनी स्वतः आणून ठेवला आणि दार लोटून गेल्या.

काकांनी डोळे किलकिले करून फोटो कापडावर सरकवला आणि वर पुठ्ठा ठेवला. खोली एकदम फार रिकामी झाली. बदकं गेली, बाह्या गेल्या, आयांचे अंगठे गेले. मिरवणूक कुठल्या तरी वळणावरून दिसेनाशी झाली होती आणि चौकात फक्त उन्हाचा एक तुकडा उरला होता, पोस्टाच्या चार तिकिटांएवढा. त्यात थोडी लाली, थोडं पिवळं, एक कड. ते कुणाचं होतं, कोणत्या दिवसाचं होतं, पुढं त्याचं काय झालं, काही कळायला मार्ग नव्हता. काकांना जरा एकटं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की चाळीस वर्षांत एवढं थोडं ठाऊक असताना त्यांनी कातडीकडे कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी भिंग खाली आणलं आणि डाव्या कडेपासून सुरुवात केली.